सातबारा : वहीतून संगणकात आणि आवृत्तीतून आवृत्तीत

घनसावंगी हा जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, गोदावरीच्या उत्तर तीराला लागून असलेला तालुका. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी या भागाचा मोठा हिस्सा औरंगाबाद जिल्ह्यातील अंबड तालुक्यात मोडत असे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित असलेले जांब याच तालुक्यात आहे. जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा येथूनच पुढे परतूर व परभणीच्या दिशेने जातो. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस आणि मोसंबी ही येथील शेतीची मुख्य पिके. ज्या तालुक्याचे जवळजवळ सर्व व्यवहार जमिनीच्या आधारे चालतात, तेथे जमिनीच्या कागदाला जे महत्त्व असते, ते शहरात राहणाऱ्या वाचकांस सहजी कळणार नाही. मुलीचे लग्न, विहिरीचे कर्ज, सोसायटीचा हप्ता, पीक विमा, अतिवृष्टीचे अनुदान, भावाभावांतील वाटणी या सर्वांच्या मुळाशी एकच कागद असतो आणि तो म्हणजे सातबारा.

हा कागद गेल्या काही वर्षांत संगणकातून निघू लागला आहे, हे आता नवे राहिलेले नाही. परंतु तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात गेलेल्या शेतकऱ्याच्या कानावर अधूनमधून आणखी एक वाक्य पडते : "नवे व्हर्जन आले आहे, दोन दिवस थांबा." हे नवे व्हर्जन, म्हणजे नवी आवृत्ती, म्हणजे नेमके काय? त्यात कोणत्या सोयी वाढतात, काय बदलते, आणि मुख्य म्हणजे, जे बदलता कामा नये ते तसेच राहिले आहे याची खात्री कोणी व कशी करावयाची? गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना हे प्रश्न वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे तांत्रिक परिभाषेत न अडकता देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कार्यालयीन कामकाजासाठी तयार केलेली कोणतीही संगणकीय प्रणाली तीन थरांची असते. सर्वांत महत्त्वाचा थर माहितीसाठ्याचा. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, आकार, बोजा ही सारी माहिती त्यात असते. दुसरा थर आज्ञावलीचा. कोणती माहिती कोणी भरावी, कोणी तपासावी, कोणत्या क्रमाने मंजूर करावी हे ती ठरविते. तिसरा थर सामान्य वापरणाऱ्यास दिसतच नाही. ज्या साधनांच्या साहाय्याने ही आज्ञावली रचली जाते आणि ज्यांच्या आधारावर ती चालते, त्या साधनांचा तो संच होय. त्याला विकासमंच म्हणता येईल. घराची उपमा द्यावयाची तर घरात राहणारी माणसे म्हणजे माहिती, खोल्यांची मांडणी म्हणजे आज्ञावली, आणि सुताराची हत्यारे व घराचा पाया म्हणजे विकासमंच.

यांपैकी विकासमंच बदलण्याची पाळी बहुधा वापरणाऱ्याच्या मागणीमुळे येत नाही. ज्या कंपनीने तो तयार केलेला असतो ती काही वर्षांनी जुन्या मंचाची दुरुस्ती थांबविते, आणि मग त्यातील उणिवांचा फायदा घेऊन कोणी आत शिरले तर बंदोबस्त करणारा कोणी उरत नाही. कधी कामाचा भार इतका वाढतो की, एका तालुक्यासाठी रचलेली मांडणी साऱ्या राज्याला पुरत नाही. कधी साधनेच बदलतात. कचेरीतील टेबलावरचा संगणक मागे पडून शेताच्या बांधावरचा मोबाइल पुढे येतो. अशा वेळी पाया बदलावा लागतो, आणि पाया बदलताना भिंतीही हलतात. राहणाऱ्या माणसांना मात्र एकालाही बाहेर न ठेवता नव्या घरात न्यावे लागते. आवृत्तीबदलाचे खरे काम हे स्थलांतराचे काम आहे. नवे बटण कोठे आले, रंग कोणता झाला, याची चर्चा कचेऱ्यांतून पुष्कळ होते. माणसे सगळी आली काय, याची चर्चा त्या मानाने कमी होते, असे खेदाने म्हणावे लागते.

मराठवाड्याला असे स्थलांतर नवे नाही. संगणक येण्यापूर्वीही येथील महसुली दप्तराच्या दोन-तीन आवृत्त्या होऊन गेल्या आहेत. हैदराबाद संस्थानच्या काळातील कागद उर्दूत, आणि त्यांवरील सन फसली. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारणतः हाती येतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. पुढे १९५४-५५ सालचे खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात आजही जुना पुरावा म्हणून त्याचाच शोध घेतला जातो. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्याखालील १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेख कसा ठेवावा हे ठरवून दिले. गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन्ही एकाच कागदावर येऊ लागले आणि 'सातबारा' हा शब्द रूढ झाला. फेरफारांची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. एखादा हक्क बदलला की, प्रथम तो सहामध्ये उतरावा, प्रमाणित व्हावा आणि मगच सातमध्ये यावा, हा क्रम त्या वेळेपासून आजतागायत कायम आहे.

याच सुमारास एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. हा बदल किरकोळ भासतो. परंतु संगणकाने पुढे ज्या अडचणी उघड्या केल्या, त्यांतील कित्येकांचे मूळ येथेच आहे. म्हणून एक हिशेब तपशिलाने पाहू.

समजा, एका गटाचे जुने क्षेत्र ५ एकर १२ गुंठे आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे एकूण २१२ गुंठे. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा. म्हणून हे क्षेत्र सुमारे २१,४४८ चौरस मीटर, म्हणजे २ हेक्टर १४ आर ४८ चौरस मीटर भरते. वहीत लिहिताना चौरस मीटर सोडून २ हेक्टर १४ आर एवढेच लिहिले गेले. पुढे तीन भावांत समान वाटणी झाली. २१४ आरांचे तीन समान भाग ७१.३३ आरांचे होतात. प्रत्येकाच्या नावे ७१ आर लिहिले गेले. तिघांची बेरीज झाली २१३. एक आर कोठे गेला? कोणी घेतला नाही, कोणाला मिळाला नाही, बांध तसूभरही सरकला नाही. तो केवळ कागदावरून नाहीसा झाला. हाती लिहिलेल्या वहीत ही चूक पन्नास वर्षे निमूटपणे बसून राहू शकते, कारण वही बेरीज करीत नाही. संगणकात गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल, तर ती विसंगती म्हणून पुढे येते, आणि ती दूर झाल्याशिवाय पुढील व्यवहार अडतो. "आमचा सातबारा संगणकाने बिघडविला" अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. ती काही ठिकाणी खरीही आहे. पण अनेकदा संगणकाने बिघडविलेले नसते, जुने बिघडलेले उघडे केलेले असते. या दोहोंत फरक करता येणे हे गावातील जाणत्या माणसाचे पहिले काम आहे.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये काही निवडक जिल्ह्यांपासून सुरू झाली. शेजारच्या कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पाखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकात आणून हस्तलिखित उतारा बंद केला, आणि त्याकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. महाराष्ट्रात पहिली प्रणाली तालुक्यापुरती होती. सातबारा संगणकात उतरवून घ्यावयाचा, मागेल त्यास छापून द्यावयाचा. फेरफार मात्र वहीतच व्हावयाचा. परिणाम असा की, वहीतील सातबारा आणि संगणकातील सातबारा ही दोन निराळी दप्तरे झाली आणि दोहोंतील अंतर वाढत गेले. ज्याने वही पाहिली त्याला एक मालक दिसे, ज्याने छापील उतारा पाहिला त्याला दुसरा.

हे अंतर मिटविण्यासाठी ई-फेरफार प्रणाली आली. पुण्याचे जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी ती उभी केली. या आवृत्तीत बदलला तो केवळ कागदाचा साचा नव्हे, तर कामाचा क्रम. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की, त्याची माहिती संगणकामार्फतच महसूल यंत्रणेकडे येते. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, फेरफार घेतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि त्याचा अंमल सातबारावर आपोआप होतो. पूर्वी मंजूर फेरफाराचा सातबारावर अंमल देण्याचे राहून जाणे ही नित्याची गोष्ट होती. 'अंमल देणे बाकी' या एका शेऱ्याने किती कुटुंबांना किती वर्षे खेटे घालावे लागले, याची गणती नाही. ती वाट या प्रणालीने मोठ्या प्रमाणात बंद केली, हा तिचा खरा लाभ होय.

मात्र त्याआधी जुनी माहिती नव्या साठ्यात नेणे भाग होते, आणि तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. ती मराठी अक्षरांची. प्रारंभीच्या काळात निरनिराळे संगणक मराठी अक्षरे निरनिराळ्या संकेतांनी साठवीत. पुढे युनिकोड ही जगन्मान्य पद्धत सर्वत्र आली, तेव्हा जुनी अक्षरे नव्या संकेतात बदलून घ्यावी लागली. माणूस 'अण्णा' आणि 'आण्णा' या दोहोंस एकच समजतो. संगणक त्यांना दोन माणसे समजतो. वडिलांचे नाव एका गटात पूर्ण, दुसऱ्यात आद्याक्षराने, तिसऱ्यात 'राव' लावून लिहिलेले असेल, तर एकाच खातेदाराची तीन खाती होतात. गाव नमुना आठ-अ, ज्यावर एका व्यक्तीची गावातील सर्व जमीन एकत्र दिसावयास हवी, तो मग अपुरा निघतो आणि कर्ज देणारी बँक किंवा अनुदान देणारी यंत्रणा त्या अपुऱ्या कागदावर निर्णय घेते.

या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारा छापून तो गावासमोर वाचून दाखवावा, खातेदारांनी ऐकावा, चूक असेल ती तेथेच सांगावी, आणि मूळ हस्तलिखिताशी ताडून ती दुरुस्त व्हावी, अशी ही रीत. जगातील अत्यंत प्रगत संगणकीय कार्यालयांतही नव्या प्रणालीत माहिती नेल्यावर वापरणाऱ्यांकडून ती तपासून घेण्याचा प्रघात आहे. त्यासाठी तेथे मोठमोठी पथके नेमतात. आपल्याकडे हे काम चावडीने केले. जेथे वाचन मन लावून झाले, तेथे पुढील त्रास वाचला. जेथे ते कागदोपत्री उरकले गेले, तेथील चुका तशाच पुढील आवृत्तीत गेल्या, हेही नमूद केले पाहिजे.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. घरबसल्या पंधरा रुपये शुल्क भरून तो काढता येतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर घालून कोणासही कागदाचा खरेपणा तपासता येतो. विनाशुल्क पाहावयास मिळणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. हा भेद ग्रामस्थांना वारंवार समजावून सांगावा लागतो, कारण दोन्ही कागद दिसावयास सारखेच वाटतात.

त्यानंतरचा ठळक बदल सातबाराच्या साच्यातील. २ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने गाव नमुना सातची मांडणी सुमारे अर्ध्या शतकानंतर बदलली. गावाच्या नावापुढे गावाचा संकेत क्रमांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवून त्यांची बेरीज दिली जाऊ लागली. पूर्वी इतर हक्कांच्या स्तंभात असणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. मयत किंवा जमीन विकलेल्या खातेदाराचे नाव पूर्वी नुसत्या कंसात राही, आणि कंस नजरेतून सुटला की मेलेला माणूस जिवंत होई. आता अशा नावावर आडवी रेघ दिसते. जुने फेरफार क्रमांक एकत्र एका रकान्यात आले. शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख स्वतंत्रपणे दर्शविली जाते. प्रलंबित फेरफार असल्यास तोही दिसतो. जमीन घेणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची सोय फार मोलाची आहे. कागद आज निर्वेध दिसत असला, तरी काल कोणी खरेदीखत नोंदविले असेल, तर त्याची चाहूल त्यास तेथेच लागते.

हे सारे बदल चांगले आहेत, यात शंका नाही. तरीही प्रत्येक आवृत्तीबरोबर एक धोका वाढतो, आणि तो कायद्यातच आहे. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे स्थलांतरात एक नाव गळले, तर कायद्याचे गृहीतक गळलेल्या नावाच्या बाजूने उभे राहत नाही. ते गळाल्यानंतरच्या नोंदीच्या बाजूने उभे राहते. विधवा बहिणीचे नाव वारसांत होते आणि नव्या उताऱ्यावर ते नाही, तर सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. कर्ज फेडूनही सोसायटीचा बोजा नव्या उताऱ्यावर तसाच आला, तर फेडल्याचे दाखले शेतकऱ्याने शोधावयाचे. कालव्यासाठी संपादन झालेल्या जमिनीचे कमी-जास्त पत्रक वेळेवर उतरले नसेल, तर कालव्याखाली गेलेले क्षेत्र कागदावर लागवडीचे दिसत राहते आणि त्यावर व्यवहारही होतात. डाव्या कालव्याच्या बाजूच्या गावांना हे उदाहरण दूरचे वाटणार नाही.

सातबाराचा दुसरा अर्धा, म्हणजे गाव नमुना बारा, याची कथा अधिक वेगाने पुढे सरकली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने पिकाची नोंद करण्याचे काम खुद्द शेतकऱ्याच्या हाती दिले. टाटा न्यासाच्या सहकार्याने तयार झालेल्या या मोबाइल प्रणालीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे असते. पहिल्या वर्षी आलेल्या अडचणींवरून धडा घेऊन १ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरी आवृत्ती आली. मुख्य पिकासोबत दोनऐवजी तीन दुय्यम पिके नोंदविता येऊ लागली, चुकलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, छायाचित्र गटापासून दूर काढले जात असेल तर तशी सूचना मिळू लागली, आणि शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने फक्त दहा टक्के नोंदी तपासाव्यात असे ठरले. कापसात तूर, तुरीत मूग असे मिश्र पीक घेणाऱ्या भागात तिसऱ्या दुय्यम पिकाचा हा रकाना कागदावर लहान दिसला, तरी शेतावर मोठा आहे. पुढे २०२४-२५ च्या रब्बी हंगामापासून राज्यभर डिजिटल पीक सर्वेक्षणाची पद्धत आली. तिच्यात प्रत्यक्ष गटात उपस्थित असण्याची अट अधिक काटेकोर झाली, आणि शेतकऱ्यांकडून राहिलेल्या गटांची नोंद करण्यासाठी गावपातळीवर सहायक नेमले गेले.

येथेही अनुभव संमिश्र आहे. नोंद करण्याच्या शेवटच्या दिवसांत सर्वजण एकदम मोबाइल उघडतात आणि सर्व्हर मंदावतो. गोदाकाठच्या शिवारात कोठे कोठे मोबाइलची रेंज मिळत नाही. नवी आवृत्ती आली की जुनी बंद होते, आणि जुनी आवृत्ती तशीच ठेवून बसलेल्या शेतकऱ्यास नोंद का होत नाही हेच कळत नाही. साऱ्या तक्रारींत ही सर्वांत सोपी, आणि तरीही सर्वाधिक वेळ खाणारी. गावात दोन-चार तरुणांनी हंगामाच्या आरंभी घरोघरी प्रणाली अद्ययावत करून दिली, तर शेवटच्या आठवड्यातील बरीच धावपळ टळते. हमीभावाने खरेदी, पीक विमा, नुकसानीचे अनुदान या सर्वांना आता हीच नोंद लागते.

अनुदानाचा उल्लेख आला म्हणून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानवाटपात गैरप्रकार झाल्याचे २०२५ मध्ये प्रशासकीय चौकशीतून पुढे आले. अनेक महसूल कर्मचारी निलंबित झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. कोण दोषी, कोण निर्दोष, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की, प्रणालीत शिरण्यासाठी अधिकाऱ्यास दिलेले नाव आणि परवलीचा शब्द यांच्या गैरवापराचा प्रश्न त्या निमित्ताने ऐरणीवर आला. आज्ञावली कितीही सुधारली, तरी परवलीचा शब्द टेबलावरच्या कागदावर लिहून ठेवला गेला, किंवा 'साहेब दौऱ्यावर आहेत, काम अडू नये' म्हणून तो मदतनिसास सांगितला गेला, तर प्रणालीच्या दृष्टीने ते काम साहेबांनीच केलेले असते. पूर्वी शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली कमरेला, अशी शिस्त होती. परवलीचा शब्द व डिजिटल स्वाक्षरीचे साधन यांना त्याच शिस्तीने वागविणे अवघड नाही. परंतु कामाचा रेटा आणि माणसांची कमतरता यांच्यापुढे ती शिस्त ढिली पडते, हे कोणत्याही कचेरीत दिवसभर बसणाऱ्यास दिसेल.

ही केवळ महसूल खात्याची गोष्ट नाही. ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी पूर्वी प्रियासॉफ्ट, आराखड्यासाठी प्लॅनप्लस, कामांच्या प्रगतीसाठी ॲक्शनसॉफ्ट अशा वेगवेगळ्या प्रणाली होत्या. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज आले आणि ही कामे एका जागी आली. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च टाकणे त्यामुळे कठीण झाले, ही चांगली गोष्ट. पण नव्या प्रणालीत आरंभीची शिल्लक जुन्या हिशेबातून आणावी लागते. ती सामान्य रोकडवहीशी, म्हणजे नमुना पाचशी, आणि बँकेच्या पासबुकाशी जुळली नाही, तर पहिल्या दिवसाची चूक दरवर्षीच्या लेखापरीक्षणात डोके वर काढते. शिक्षकांनाही हा अनुभव आहे. विद्यार्थ्यांची माहिती 'सरल'मध्ये भरली, पुढे यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय भरली. आधारवरील नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला की, काम अडून राहते. दाखल-खारीज रजिस्टर पुढ्यात घेऊन प्रत्येक नाव ताडून पाहिलेल्या शिक्षकास चावडी वाचन म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मग गावाने प्रत्यक्षात काय करावे? आपल्या कुटुंबाचा शेवटचा हस्तलिखित उतारा ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो जपून ठेवावा आणि आजच्या डिजिटल उताऱ्याशेजारी ठेवून वाचावा. नावे, क्षेत्र, पोटखराब, बोजा आणि शेवटचा फेरफार क्रमांक एवढ्या पाच गोष्टी जुळल्या, तर चिंतेचे फारसे कारण नाही. जेथे भेद दिसेल तेथे तो कोणत्या फेरफाराने आला हे गाव नमुना सहामध्ये पाहावे. फेरफार सापडला, तर बदल कायदेशीर मार्गाने झालेला असतो आणि तो मान्य नसल्यास वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे अपील हा मार्ग आहे. फेरफारच नसेल, तर ती बहुधा लेखनातील किंवा स्थलांतरातील चूक. तिच्यासाठी कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करावा व जुन्या उताऱ्याची नक्कल जोडावी. या कलमाने लेखनप्रमाद दुरुस्त होतो. मालकीचा वाद त्याखाली मिटविता येत नाही, आणि तसा आग्रह धरणाऱ्यांस वेळीच परावृत्त करणे हे पंचायत सदस्यांचे काम आहे.

'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातील चालू फेरफारांच्या नोटिसा कोणासही पाहता येतात. पूर्वी ही नोटीस चावडीच्या भिंतीवर लागे आणि पहिल्या पावसात धुऊन जाई. पुण्या-मुंबईकडे कामासाठी गेलेल्या, ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असलेल्या कुटुंबाच्या जमिनीवर फेरफार पडला, तर त्यांस पंधरा दिवसांत कळणार कसे, हा जुना प्रश्न होता. आता मोबाइलवर ते पाहता येते; मात्र पाहावयाचे असते हे ठाऊक असले पाहिजे. ग्रामसभेच्या प्रत्येक बैठकीत गावाचे प्रलंबित फेरफार वाचून दाखविण्याची प्रथा पाडणे कोणत्याही पंचायतीस शक्य आहे. त्यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही, आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.

जुन्या दप्तरांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवण्याचे कामही राज्यात झाले आहे. अनेक गावांचे जुने सातबारे, फेरफार आणि खासरा पत्रके त्यात पाहावयास मिळतात. ही छायाचित्रे कोणत्याही आवृत्तीत बदलत नाहीत. त्यांवर शाईचे डाग, खाडाखोड आणि अधिकाऱ्याची सही जशीच्या तशी असते. घनसावंगीसारख्या तालुक्यात एखाद्या वृद्ध खातेदारास आपल्या आजोबांचे नाव त्या पानावर दाखविले, तर तो प्रथम नावाकडे नव्हे, त्यापुढील एकर-गुंठ्यांच्या आकड्याकडे पाहतो, कारण बांधावर उभे राहून त्याच्या आजोबांनी त्यास क्षेत्र सांगितलेले असते ते एकर-गुंठ्यांतच.